अज्जांचा हात वर

परदेशातून आलेली खेळणी मुलांनी खराब करू नयेत, म्हणून मी ती अंगणवाडीच्या कपाटात घालून कुलूप लावलं. खेळणी मुलांसाठीच आली होती, एवढीच त्यात अडचण होती.

साता समुद्रापलीकडची एक संस्था लहान मुलांच्या वाढीसाठी देशोदेशी काम करते. तिचं म्हणणं साधं आहे : बोलता न येणाऱ्या बाळाशीही बोला, मग थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या, त्याच्याशी खेळा. हे जोयडा तालुक्याला पटवायचं काम माझ्याकडे आलं. मी रामनगरचा, बिनलग्नाचा, आणि कुणी बाळ पुढे केलं की घड्याळ बघणारा.

गुंदच्या अंगणवाडीत माझं पहिलं भाषण झालं. आया जांभया देत होत्या. मन लावून ऐकलं ते गावातल्या एकट्या म्हाताऱ्या देमू अज्जांनी. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

अज्जा कॅसलरॉकच्या घाटात रेल्वेचे गँगमन होते. गाडीवर आवाज चढवून चढवून गळा असा झालेला, की 'चहा घ्या' म्हणाले तरी माणूस रुळावरून उडी मारल्यासारखा बाजूला होई. बायको गेलेली, घरात एकटे, आणि बूड टेकणं ठाऊक नाही. भाषणानंतर त्यांनी गावातलं एकेक बाळ गाठायला सुरुवात केली. बाया लावणीला चिखलात उतरल्या, की बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीपाशी अज्जा हजर. बाळाला पंचायतीच्या, खड्ड्यांच्या तक्रारी सांगायचे आणि शेवटी विचारायचे, "बोला, व्हय की न्हाई?" लगेच हात वर, गाडी थांबवल्यासारखा. बाळ उत्तर देईपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं. एकदा मी शिंकलो.

"सायेब, थांबायला तुमीच शिकिवलं न्हवं? ती बोलतीया!"

ती बोलत नव्हती. भोकाड पसरण्यासाठी श्वास घेत होती.

"अज्जा, जरा हळू की."

"हळूच बोलतोय की मी!" वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

तरी ते थांबेनात. या झोळीपासून त्या झोळीपाशी. मध्येच रस्त्यावर जाऊन बघून यायचे. एकदा माझ्या कपाटासमोर येरझाऱ्या घालत म्हणाले, "त्यातला एक खुळखुळा द्या. परत आनून देतो."

"संस्थेचे पाहुणे बघून जाऊ देत, मग."

"खेळनी पावन्यांची हाईत व्हय?"

मी विषय बदलला.

संस्थेच्या पाहुण्या बाई आल्या, त्या दिवशी अज्जा दाढी करून, धुतलेला सदरा घालून अंगणवाडीच्या दारात आत-बाहेर करत होते. मला वाटलं, बाईंसाठीच.

"नात येनार हाय वास्कोहून, हितंच बोलावलंय," ते म्हणाले. "पैल्यांदाच. फोनवर माझा आवाज ऐकला की रडती. म्हनून गावभर सवय करीत फिरलो."

"पोरांना सवय?"

"मला, सायेब. घरात बोलायला कोन हाय? हळू कसं बोलायचं तेच इसारलोय. आज रडली, तर सून परत आननार न्हाई तिला."

आत बाईंनी हसून कपाटाकडे बोट दाखवलं. मी खिसे चाचपले. चावी रामनगरला, धुवायला टाकलेल्या पँटीत.

मी घाम पुसत असताना अज्जांचा मुलगा आणि सून येऊन पोहोचले. सुनेनं मुलीला खाली ठेवलं, तशी ती ठेंगण्या कपाटाला धरून उभी राहिली. अज्जांना बघून तिचा खालचा ओठ बाहेर आला.

अज्जा खाली बसले. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. तोंड उघडलं, पण आवाज काढायचा धीर होईना. नुसता हात वर गेला आणि तिथंच राहिला.

पोरीनं हाताकडे बघितलं. मग वळून कपाटाचं कुलूप धरलं आणि हलवलं. खडखड. अज्जांनी पुढे सरकून हलवलं. खडखड. पुन्हा तिनं. पुन्हा त्यांनी. मग, त्या गळ्यात असा आवाज शिल्लक असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं, इतक्या हळू ते म्हणाले, "बोला, व्हय की न्हाई?"

"ब्बा," ती म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात टेकला.

पाहुण्या बाईंचे डोळे भरून आले. मी लगेच पुढे झालो. "हीच आमची पद्धत," असं मी सांगायला लागलो.

अज्जांनी नातीवरची नजर हलवली नाही. त्याच नव्या, हळू आवाजात म्हणाले, "सायेब, चावी गावली तरी आनू नका. भाईर हाय तेवढं खेळनं आमाला बास. आतल्या खेळन्यांशी तुमी खेळा."