बारावी चूल चाकांवर आली, त्याची हकीकत

चुलीत जो वसतो आणि पावात जो फुगतो त्या अग्नीस आधी नमन. सन दोन हजार अठरा, द्राक्षतोडीचा हंगाम, ते समयी इटली देशी डोंगरमाथ्यावरील तटबंद गावी जे जाहले, ते पाहिले तैसे लिहिले आहे.

त्या गावी वेशीपाशी थोरली भट्टी, पूर्वजांनी बांधलेली, आणि तिचा कायदा ऐसा की बारा चुलींची, म्हणजे बारा घरांची, कणीक जमेल तरच पेटवावी, आणि द्राक्षोत्सवास पेटली नाही तर तोंड विटांनी कायमचे बुजवावे. आमच्या लहानपणी पावांची रांग वेशीबाहेर जाई, आणि आपला पाव ओळखावा म्हणून हरएक घर कणकेवर आपला लाकडी ठसा उमटवी. पाव मात्र सर्वांचा अळणी; पिठात मीठ न घालणे हा त्या मुलखाचा बाणा. मग मुले शहरांस गेली, घरांस कुलपे लागली, आणि त्या साली उत्सवाच्या सकाळी चुली अकराच भरल्या. भट्टीच्या राखणदार एर्सिलियामावशी लाकडे रचून बैसल्या होत्या. गावचे कारभारी ओरेस्ते यांनी गवंड्यास विटांसह पाचारण केले.

ते समयी तटाखाली जुन्या खळ्यावर चाकांच्या घरांची, म्हणजे आत चूल-बिछाना असलेल्या प्रवासी गाड्यांची, छावणी पडलेली. दरसाल ती यावीत, पाणी भरावे, दोन रात्री मुक्काम करावा आणि कूच करावे, ऐसी वहिवाट. त्यांत हॉलंडची विलेमिनाबाई, बहुत सालांची येणारी, गावची भाषा मोडकीतोडकी बोलणारी. मावशी काठी टेकीत उतरल्या आणि तिच्या गाडीत डोकावल्या, आणि शेगडीवर रटरटणारे भांडे पाहून म्हणाल्या, "बाई, पावाची कणीक मळता येते का?"

"येते. किती जणांची?"

"एका घराची."

मग दुपारी विलेमिना परात घेऊन वेशीत आली आणि मोठा वाद जाहला. ओरेस्ते म्हणाले, "मावशी, हे घर नव्हे, वाहन आहे. उद्या दूधवाल्याचा टेम्पो आणाल."

"टेम्पोत चूल असली तर आणीन. हिच्याकडे दार आहे, चूल आहे, चुलीवर सूप आहे. घराला आणखी काय लागते?"

"घर जागचे हलत नाही."

"तुझ्या पोरांची घरे हलत नाहीत, ओरेस्ते. कुलपे लावून अगदी स्वस्थ उभी आहेत. हे हलते म्हणून तर आले."

कारभारी वाटेतून बाजूस सरले, आणि गवंडी हसू लपवीत थापी पुसू लागला. विलेमिनेपाशी ठसा नव्हता, तिने गाडीची किल्ली कणकेवर दाबली, आणि भट्टी पेटली, आणि धूर बहुत दिवसांनी तटावरून गेला. बाराव्या चुलीचा पाव प्रथम कारभाऱ्यांनी चाखून कबूल करावा, ऐसी रीत. ओरेस्ते यांनी तुकडा मोडिला, सावकाश चावला आणि म्हणाले, "यात मीठ आहे."

विलेमिनेचे तोंड उतरले. मावशी राख ओढता ओढता म्हणाल्या, "असेल. पुढल्या साली ती नाही घालणार."

ओरेस्ते यांनी त्या पावाचा दुसरा तुकडा मोडिला आणि गवंड्यास म्हणाले, "त्या विटा परत ने. वाटेत पाय अडखळतात."

येणेप्रमाणे भट्टीचे तोंड उघडे राहिले. तेव्हापासून गावच्या ठशांत एक किल्लीचा आहे, आणि तो पाव अळणी असतो.