जावयानं हात आखडला

"नवरदेव आणला बाई, जशी तुरीची काडी,
वारं सुटलं मावळतीचं, खिशात घाला खडी!"

एकोणीस वर्षांपूर्वी लासूर स्टेशनजवळच्या एका वस्तीवर, भर मांडवात, नवरीच्या मनकर्णा आत्याच्या चिरक्या गळ्यातून ही ओवी निघाली आणि अख्खी पंगत खो खो हसली. नवरदेव कारभारी पाटावर बसल्या बसल्या लाजून आणखी बारीक झाला. त्याच्या सासूनं मात्र, सरूमामीनं, ती ओवी हसण्यावारी नेली नाही. तिनं तिथंच मनाशी पण केला, ह्या काडीचा खांब करीन तरच नावाची सरूबाई!

बाई शब्दाची पक्की निघाली. एकोणीस वर्षांनी कारभारी मुकुंदवाडीतल्या भुसार दुकानात धान्याच्या मोठ्या काट्यावर उभा राहिला, तेव्हा काट्यानं एकशे सात किलो दाखवले, आणि दुकानदारानं सवयीनं विचारलं, "बारदान वजा करू का?"

काट्यावर चढण्याचं कारण असं, की कारभारी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचा. शेडच्या छताला लागून धावणारी क्रेन, चाळीस फुटांवर तिची काचेची केबिन. खालची माणसं तिथून ज्वारीच्या दाण्याएवढी दिसायची, आणि झरोक्यातून पलीकडची खरीखुरी ज्वारीही दिसायची. साहेब ओरडले तरी वर पोचेपर्यंत त्यांच्या शब्दांची धार बोथट झालेली असायची. कारभारीला ती केबिन म्हणजे पाखराला खोपा!

आणि त्याच खोप्यावर घाला आला. कारखान्यात नवे सुरक्षा अधिकारी आले. त्यांनी शिडी चढताना बांधायच्या पट्ट्यावरची बारीक अक्षरं वाचली. मर्यादा शंभर किलो. फर्मान निघालं, पुढच्या महिन्याच्या वैद्यकीय तपासणीत जो शंभराच्या वर, तो क्रेनवरून खाली. खाली म्हणजे स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला!

"क्यों मियाँ," खालून इशारे करणारे गफूरभाई म्हणाले, "पट्टे पे तो सौ किलो लिखा है. तुमपे कुछ लिखाच नहीं!"

"गफूरभाई, सात किलोच तर हाय!" कारभारीनं छाती पुढं काढली. पोट आधीच पुढं होतं. "सात किलो म्हंजे काय? एक टरबूज! महिन्याभरात टरबूज उतरवून ठेवतो का नाय बघा!"

घरी येऊन त्यानं बायकोला, आशाबाईला, बेत सांगितला. चहा बिनसाखरेचा. भाकरी अर्धी. भात बंद. पहाटे विमानतळाच्या भिंतीकडेनं चिकलठाण्यापर्यंत चालणं.

"सगळं करा," आशाबाई म्हणाली, "पण माझ्या माहेरी ह्याचा एक शब्द काढायचा नाय. जावयाच्या नोकरीवर गदा आली म्हणलं की अण्णांच्या घशाखाली घास उतरायचा नाय."

"नाय काढत," कारभारी म्हणाला. शब्द देताना माणूस कॅलेंडर बघत नाही, तिथंच तो फसतो.

पुढचे दिवस घरात एकच धावपळ झाली. स्वस्थ बसल्यानं चरबी धरते, असं कुठंतरी ऐकल्यापासून कारभारीनं स्वस्थ बसणंच सोडलं. तो बातम्या उभ्यानं बघायचा. दात घासत जिना चढायचा आणि चूळ भरायला उतरायचा. फोन आला की बोलत बोलत गल्लीच्या टोकाला जायचा, आणि फोन ठेवल्यावर आपण इथं कशाला आलो म्हणून डोकं खाजवायचा. खुर्चीवर बसलाच तर पाय असे हलायचे, की टेबलावरचा पेला चालत कडेला यायचा!

"अहो, जरा टेका की! बघून मलाच धाप लागायलीय!"

"टेकलो की वाढतो, आशा!"

काटा हळूहळू उतरत होता. एकशे पाच. एकशे तीन. एकशे एक. तपासणी सोमवारी होती. आणि आदल्या बुधवारी आशाच्या अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, सांडूमामांचा, फोन आला.

"जावईबापू, धोंड्याचा महिना चाललाय. सरत आला. रविवारी तुम्ही न आशा या. पाट मांडून ठेवलाय!"

कारभारीचे पाय दुप्पट जोरानं हलायला लागले. तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना. ह्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, पुरण भरलेले तेहतीस धोंडे तुपासकट वाण द्यायचे, आणि तो नको नको म्हणेस्तोवर, खरं तर त्याच्याही नंतर बराच वेळ, खाऊ घालायचं. न जावं तर सासुरवाडीचं नाक कापलं जातं. जाऊन जेवावं तर सोमवारी क्रेन जाते.

"जाऊ," तो आशाबाईला म्हणाला, "पण अर्धा धोंडा. अर्ध्याच्या वर एक कण नाय!"

रविवारी सकाळी काट्यावर शंभर किलो चारशे ग्रॅम भरले. नाष्टा न करता दोघं मोटारसायकलवर निघाले. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक भज्याच्या गाड्याकडं कारभारीनं असं पाहिलं, जसं लेक सासरी निघताना माहेरच्या उंबऱ्याकडं बघते.

वस्तीवर त्याचे पाय धुतले गेले, कुंकू लागलं. पाटाभोवती रांगोळी होती. शेजारच्या पाटावर सांडूमामा बसले, कारण जावयाला एकट्यानं जेवू देत नसतात. सरूमामीनं ताट मांडलं. धोंडे असे फुगलेले, की एकेकाला नाव ठेवावं! वरून तुपाची धार पडली, आणि कारभारीच्या पोटातून असा आवाज आला, की दारातलं कुत्रं उठून बसलं.

त्यानं अर्धा धोंडा खाल्ला. डोळे मिटले. आणि ताटावर आडवा हात धरला.

"बस, मामी."

सरूमामीच्या हातातली तुपाची वाटी हवेतच राहिली. सांडूमामांचा घास तोंडाशी थबकला. शेजारची म्हाळसाबाई बघायला आली होती, ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बया!"

"काय चुकलं, बापू?" सांडूमामांनी हलकेच विचारलं.

"काय नाय, मामा."

सासुरवाडीच्या पाटावर बसून जावई 'काय नाय' म्हणाला, की त्याचा अर्थ काहीतरी हाय, एवढं त्या वस्तीवरच्या शेळ्यांनाही कळत होतं! शिवाय त्याचे पाय. ते सवयीनं पाटावर थडथडत होते, आणि बघणाऱ्याला वाटत होतं, रागानं माणूस नुसता धुमसतोय.

सैपाकघरात कुजबूज सुरू झाली.

"रुसले गं!"

"माझा जावई गेल्या धोंड्याला असाच हात आखडून बसला होता," म्हाळसाबाई म्हणाली. "बुलेट घेऊनच उठला!"

आशाबाईनं आईला बाजूला घेतलं. "माय, ते रुसले नाय."

"मग कामून जेवत नायत?"

आशाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. न सांगायची अट तिनंच घातली होती. "तसंच," ती म्हणाली. झालं! लेकसुद्धा लपवतेय म्हटल्यावर मागणी मोठी असणार, हे आईला कळून चुकलं.

सांडूमामांनी बोटातली अंगठी काढली आणि कारभारी 'नको, नको' म्हणत असताना त्याच्या बोटात सारली. अंगठी पहिल्या पेरावरून गेली, दुसऱ्यावर अडली, आणि मामांनी जोर लावला तशी पलीकडं जाऊन बसली.

"मामा, काढा ही!"

काढायला गेले तर निघेना. कारभारी ओढतोय, मामा ओढतायत, बोट तांबड्या गाजरासारखं झालेलं! कारभारीच्या डोळ्यांसमोर काटा नाचला. अंगठीचं वजन आणखी वर!

"असू द्या, असू द्या," मामा म्हणाले, "आता तरी एक धोंडा?"

"नाय, मामा!"

"गाडी बघू का मग? नवी?"

"गाडी नको!"

"गाडीबी नको!" आत म्हाळसाबाईनं कपाळाला हात लावला. "मग जमीनच मागतोय गं तो!"

सांडूमामा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर, सगळं हरलेला माणूस शेवटचा डाव मांडतो, तसं काहीतरी होतं. ते गोठ्याकडं गेले आणि परतले ते चंद्रीला घेऊन. चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. दोन वेळचं बारा लिटर दूध! गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. तिनं ओट्यापाशी येऊन जावयाकडं असं पाहिलं, जसं काही हे स्थळ तिला पसंत नव्हतं.

"घ्या, बापू," मामा म्हणाले. त्यांनी कासरा कारभारीच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधला. "आता तरी जेवा!"

"अहो मामा, मुकुंदवाडीत दुसऱ्या मजल्यावर म्हैस कुठं बांधू मी?"

तेवढ्यात सरूमामी डोळे पुसत आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. डोळ्यांत पाणी, उंबरा दिसला नाही. ताट सुटलं. ठण्ण् ठणाण!

चंद्री उधळली. आणि मनगटाला कासरा असल्यामुळं जावईबापूही उधळले!

कपाशीतून म्हैस पुढं, जावई मागं. मक्यातून जावई पुढं, म्हैस मागं, ते कसं झालं दोघांनाही कळलं नाही. विहिरीला वळसा पडला. बांधावरून उडी पडली. महिनाभर चिकलठाण्यापर्यंत चाललेले पाय आज कामी आले. म्हाळसाबाई ओट्यावर चढून साऱ्या वस्तीला हाळी देत होती, "धावा गं! सरूचा जावई म्हैस घेऊन पळाला! जेवायलाबी थांबला नाय मेला!"

दोन फेऱ्या साऱ्या शिवाराला झाल्या. शेवटी ओढ्याच्या डबक्यात चंद्री शांतपणे बसली, आणि तिच्या शेजारी, गळ्यापर्यंत चिखलात, कारभारीही बसला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याचे पाय हलत नव्हते.

मागून सगळी वस्ती आली. पुढं सांडूमामा.

"बापू, म्हैस तुमचीच हाय. पळवायची काय गरज होती?"

तेव्हा कारभारीच्या आतलं काहीतरी फुटलं. "मामा, मला अंगठी नको, गाडी नको, अन म्हैस तर सात जन्म नको! मला उद्या सकाळपर्यंत शंभर किलोच्या आत राहायचंय! नाय राहिलो तर माझी क्रेन जाती. ती वरची खोली जाती, मामा. तिथून मला सगळं दिसतं. खाली मी नटबोल्ट मोजत मरून जाईन!" आणि चिखलात बसल्या बसल्या त्यानं पट्टा, काटा, अर्धी भाकरी, सगळं सांगून टाकलं.

चंद्रीनं चिखलात शेपटी आपटली.

"एवढंच?" सरूमामी म्हणाली. तिला हसू फुटलं आणि रडूही. "अवो बापू, मग सांगायचं न! मला वाटलं माझ्या हाताची चवच गेली. उठा. पातळ ताक देते. मीठसुद्धा चिमूटभर!"

घरी येऊन कारभारी न्हाला, पेलाभर ताक प्याला. साबण, तेल, दोरा, सगळं झालं, अंगठी निघाली नाही. सरूमामीनं त्याचं ताट उचललं, आणि त्याबरोबर मामांचंही. मामा त्या जाणाऱ्या ताटाकडं, सुटलेल्या एसटीकडं बघावं तसे बघत राहिले. जाईपर्यंत ते फारसं बोलले नाहीत. कारभारीला वाटलं, म्हातारा दुखावला.

सोमवारी काटा, अंगठीसकट, नव्व्याण्णव किलो आठशेवर थांबला.

"ये हुई ना बात!" गफूरभाईंनी पाठीवर थाप मारली. "कैसे किया मियाँ?"

"म्हैस!" कारभारी म्हणाला आणि पट्टा बांधून शिडी चढला. झरोक्यातली ज्वारी जागच्या जागी होती.

जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून त्यानं सासुरवाडीला फोन लावला. सरूमामीनं देवापुढं साखर ठेवली, मनकर्णा आत्याला ओरडून सांगितलं, आणि मग फोन मामांकडं दिला. मामा फोन घेऊन उठले. नुसती पावलं ऐकू आली. मग गोठ्याचं दार लागल्याचा आवाज आला.

"मामा? राग आलाय का?"

"राग नाय, बापू," मामांचा आवाज अगदी खाली गेला होता. "पास झाले, लई चांगलं झालं. पण महिना संपायला अजून दोन दिवस हायेत. उद्या याल का?"

"मामा, मी खाणार नाय हो आता."

"तुम्ही नका खाऊ. नुसते पाटावर बसा." मामा आता कुजबुजायलाच लागले. "बापू, कुणाला बोलू नका. मला साखर हाय. पाच वर्षं झाली. सरू गोडाचं बोटसुद्धा लागू देत नाय. फक्त तुम्ही पाटावर बसले, की शेजारी माझं ताट मांडती. म्हैस मी तुमचा रुसवा काढायला नव्हती सोडली, बापू. माझ्या ताटात अजून अडीच धोंडे होते!"