वजन विभागाचं ना-हरकत पत्र

आईच्या स्तनातली गाठ काढायची हे ठरलं, तारीखही मिळाली. तेवढ्यात रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने एक शोधनिबंध वाचला.

गाठीशेजारच्या चरबीच्या पेशी स्वस्थ बसत नाहीत, त्या गाठीला पोसतात आणि पसरायला हातभार लावतात, असं त्यात म्हटलं होतं. व्यवस्थापनाने याची गंभीर दखल घेऊन परिपत्रक काढलं: यापुढे स्तनाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी वजन विभागाचं ना-हरकत पत्र सादर करावं.

मुलगी ग्रंथपाल होती. हाती आलेलं शेवटच्या पानापर्यंत वाचायची तिला खोड होती.

"निबंध गाठीला चिकटून असलेल्या पेशींबद्दल आहे," ती सर्जनबाईंना म्हणाली. "त्या सडपातळ बाईलाही असतात. आणि शस्त्रक्रिया थांबवा असं यात कुठेच म्हटलेलं नाही."

"अगदी बरोबर बोललात," सर्जनबाई म्हणाल्या. "पत्र आणा."

वजन विभागातल्या कारकुनाने आईला काट्यावर उभं केलं. बहात्तर किलो.

"मावशी, पासष्टवर या. मग पत्र."

"अरे बाबा, मला काय कुस्ती खेळायची आहे?"

"आजार कोणता?"

आईने सांगितला. कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग तुमचं नाव आम्हाला नोंदवून घेता येत नाही. कर्करोग असताना वजन उतरवायचं नाही, असा नियम आहे. आधी बऱ्या होऊन या."

मुलीने दोन्ही विभागांना अर्ज दिले. दोघांनी ते योग्य त्या कार्यवाहीसाठी एकमेकांकडे पाठवले. दुसऱ्या रुग्णालयाने मूळ फाईल मागितली. फाईल वजन विभागात होती, आणि ज्या रुग्णाचं नावच घेतलेलं नाही तिची फाईल परत कशी करणार, असा तिथे पेच पडला होता.

गाठीला कुणाची सही लागत नव्हती. सात महिन्यांत ती मणक्यात गेली, यकृतात गेली. आता कापाकापीत अर्थ नाही, असं सर्जनबाईंनी हळू आवाजात सांगितलं.

आई झिजत गेली. एकसष्ट, सत्तावन्न, मग एक्कावन्न. तपासणीतली ही नोंद वजन विभागात पोचली आणि ना-हरकत पत्र घरपोच आलं, विभागप्रमुखांच्या अभिनंदनासह: 'उद्दिष्टापेक्षा चौदा किलो अधिक घट. इतर रुग्णांनी आदर्श घ्यावा.'

आईने ते उशीला टेकून दोनदा वाचलं. "शाळेत कधी पहिली आले नाही गं मी," ती म्हणाली आणि डोळे मिटून हसली.

ती गेल्यावर लोक भेटायला आले.

"शेवटी चेहरा कसा रेखीव निघाला होता," मामी म्हणाली.

"नाहीतर किती सुटली होती! मी मेली कानीकपाळी ओरडायचे," शेजारच्या काकूंनी डोळ्याला पदर लावला. मग मुलीजवळ सरकून विचारलं, "काय देत होतीस गं खायला?"

"काही नाही, काकू. तिला गिळताच येत नव्हतं."

"किती दिवस?"

खोलीतली कुजबुज थांबली. उत्तर सगळ्यांनाच हवं होतं.