पार्वतीबाईंचा पाटा आणि इंग्रजीचा तास

जो माणूस एखादे काम रोज करतो, त्याला ते काम येत नसते, हे सर्व सुधारलेल्या राज्यांत मान्य झालेले सत्य आहे. मेणा वाहणाऱ्या भोयांना प्रवास घडला असे कोणी म्हणत नाही. प्रवास आत बसलेल्याला घडतो.

बाळांनो, आता डोळे मिटा (वाचून दाखवणाऱ्याने मिटू नयेत) आणि कल्पना करा. निजामाचे राज्य आहे. कळमनुरीच्या पलीकडे एक गाव, गावात शाळा, शाळेत एक वर्ग. पंधरा पोरे ओळीने मांडी घालून बसली आहेत आणि सोळावा, तांड्यावरचा हरिचंद, उभा आहे. तो का उभा आहे हे समजायला आधी इंग्रजी भाषेची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

इंग्रजीत नुसते 'उचल' म्हणून साहेबाचे समाधान होत नाही. काय उचलायचे आणि कोणीकडे, हेही तो त्याच दमात सांगतो. 'पिक इट अप' म्हणजे ते वर उचल. 'पुट इट डाऊन' म्हणजे ते खाली ठेव. 'टेक इट आऊट' म्हणजे ते बाहेर ने, आणि नेऊन झाले की 'ब्रिंग इट इन' म्हणजे ते आत आण. यातले 'इट' म्हणजे ओझे.

"हुकूम पुढं, दिशा मागं, अन् ओझं बराबर मधी," ग्यानबा मास्तर शिकवत. एका पोराने 'पिक अप इट' म्हटले, तेव्हा ओझे वाटेवर टाकून दिल्याबद्दल त्याला छडी मिळाली.

त्या साली नवी पद्धत निघाली. वाक्य नुसते म्हणायचे नाही, करूनही दाखवायचे. पद्धत उत्तम होती. अडचण एवढीच, की शाळेत उचलण्याजोगे काही नव्हते. टेबल आणि खुर्ची सरकारी असल्यामुळे वरून मंजुरी आल्याखेरीज हलवता येत नसे. (मंजुरीचा छापील अर्ज टेबलाच्या खणात होता, आणि खण ओढणे हेही हलवण्यातच मोडत होते.) शेवटी मास्तरांनी घरचा पाटा आणला.

"अन् चटणी कशावर वाटू?" त्यांच्या पत्नी पार्वतीबाई म्हणाल्या. "तुमच्या इंग्रजीवर?"

"सरकारी कामात तकलीफ सोसावी लागती," मास्तर म्हणाले.

पहिल्या दिवशी पाटा देशमुखांच्या श्रीपतने उचलला. दुसऱ्या दिवशी उकंडराव देशमुख स्वतः शाळेत आले.

"मास्तर, लेकराच्या हाताला फोड आले. काहून?"

"इंग्रजी शिकून राहिला, मालक."

"इंग्रजी तोंडानं शिकवा. वजन उचलणारे आमच्या घरी बख्खळ हायेत. त्यासाठी पोरगं शाळेत कशाला धाडू?"

हे म्हणणे शास्त्राला धरून होते. मागोमाग कापडवाले अजीजभाईही आले आणि त्यांच्या इस्माईलच्या सदऱ्याची फाटलेली बाही दाखवून गेले. तेव्हा मास्तरांनी भाषेची वाटणी केली. तोंडाचे इंग्रजी पंधरा पोरांकडे आणि खांद्याचे इंग्रजी हरिचंदकडे. हरिचंदचे आजे-पणजे बैलांवर धान्य लादून मुलूखभर फिरलेले, तेव्हा ओझे त्याच्या रक्तातच आहे असे मास्तरांचे मत पडले. (बैलांच्या रक्तात काय होते, याची चौकशी झाली नाही.)

असे वर्ष सरले. वर्गात पंधरा तोंडे आणि दोन हात, असा हिशेब अगदी चोख बसला. हरिचंदला सगळी वाक्ये कळत. एकदा तो म्हणालाही, "मास्तर, एक डाव मी म्हनू का?"

"तू म्हणशील, तर उचलंल कोण?" मास्तरांनी विचारले.

हरिचंद पुन्हा पाट्याकडे वळला.

त्याच्या बापाने, उत्तमसिंगने, सांगून ठेवले होते, "औंदा पास झाला तर शाळा. न्हाई तर गुरामागं." हरिचंदला गुरांचा कंटाळा नव्हता. पण पुढच्या इयत्तेच्या पुस्तकात एका जहाजाचे चित्र होते, आणि ते जहाज कुठे निघाले आहे हे त्याला वाचायचे होते.

परीक्षेला मोठे साहेब आले. ते सरकारी खुर्चीवर बसले, सरकारी टेबलावर त्यांनी शेऱ्याचा कागद पसरला आणि श्रीपतकडे पाहून म्हणाले, "पिक इट अप."

श्रीपत जागचा हलला नाही. त्याने मान वळवली आणि साहेबांहून खणखणीत आवाजात हरिचंदला सांगितले, "पिक इट अप." हरिचंदने पाटा उचलला. इस्माईलला विचारले, त्यानेही तसेच केले. पंधराही पोरांनी तसेच केले, आणि पाटा आत-बाहेर, वर-खाली होत राहिला.

साहेब प्रसन्न झाले. वरून आलेला हुकूम जराही न सांडता खाली पोचवणे ही कला मोठमोठ्या कचेऱ्यांना अजून साधली नव्हती. त्यांनी पंधराजणांना 'उत्तम' दिले. मग त्यांचे लक्ष पाटा छातीशी धरून उभ्या असलेल्या पोराकडे गेले.

"तुम बोलो."

हरिचंदने तोंड उघडले. वर्षभर साठवलेले वाक्य ओठांपर्यंत आले होते. पण छातीवर पाटा होता, आणि बाहेर पडला तो नुसता दम.

"ये लडका बोलता नहीं?"

"जी नहीं हुजूर," मास्तर अदबीने म्हणाले. "सिर्फ करता है."

"तो फिर कच्चा है," म्हणून साहेबांनी कागदावर तसे लिहिले. सही तेवढी राहिली.

"पुट इट डाऊन," मास्तर हरिचंदला म्हणाले.

तो तसाच उभा.

"आरं, ऐकू येत न्हाई व्हय? पुट इट डाऊन."

"मास्तर, मला कसं कळंल?" हरिचंद म्हणाला. "मी इंग्रजीत कच्चा हाय नं."

मग तो दोन पावले पुढे गेला आणि त्याने पाटा टेबलावर ठेवला, नेमका शेऱ्याच्या कागदावर.

साहेबांनी मास्तरांकडे पाहिले. "पिक इट अप." मास्तरांनी श्रीपतला तेच सांगितले, श्रीपतने इस्माईलला, इस्माईलने शेजारच्याला. वाक्य ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथून परत आले. उच्चार सगळ्यांचे निर्दोष होते. 'इट' प्रत्येकाने बरोबर मधे ठेवले होते.

बाळांनो, आता हे वाक्य तुम्हालाही पाठ झाले असेल. एव्हाना मनातल्या मनात म्हणूनही पाहिले असेल, आणि कोणी तरी उठून तो पाटा उचलावा असेही वाटले असेल. छान. तुम्ही सारे पास.

हरिचंद ओळीत शिरला. इस्माईलला कोपराने जरा सरकवून त्याने जागा केली, मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून मोठ्याने म्हणाला, "पिक इट अप."