आठ आणि आठ

आमच्या मासळीबाजारात स्वतःचा वजनकाटा घेऊन येणारं गिऱ्हाईक एकच, उषाबाई. दर रविवारी सकाळी येतात, पर्समधून पत्त्यांच्या डबीएवढा काटा काढतात, माझ्या ओट्याच्या कडेला नीट मांडतात आणि म्हणतात, "सुरमई. आठ ग्रॅम आणि आठ ग्रॅम."

पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा आहे. आठ ग्रॅम म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. मी म्हटलं, मांजराला हवं असेल तर तसंच न्या. तर मांजरासाठी नाही म्हणाल्या. मग सोळाचा एकच घ्या म्हटलं.

"सोळा नको गं. आठ आणि आठ."

डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरले, तेव्हा कुठे हा ओटा मिळाला. माझ्या मापाला आजवर कोणी नाव ठेवलं नाही, आणि ही बाई सगळ्या बाजारासमोर माझ्याच ओट्यावर दुसरा काटा मांडते. बरं, घासाघीसही करत नाही. मुद्दाम दुप्पट भाव सांगितला, तर मुकाट्याने दिला. भांडायलाच जागा ठेवत नाही, त्या माणसावर राग काढायचा कसा? सौदा पटला की मी वर काहीतरी घालते, दोन कोळंब्या नाहीतर एखादा बांगडा. तोही त्यांनी उचलून परत पाटीत ठेवला. वर नको म्हणाल्या. ते मला फार लागलं.

उषाबाई मुंबईला मोठ्या प्रयोगशाळेत होत्या. आईबापांकडून पोरांच्या रक्तात कुठला दोष उतरतो, हे शोधण्यात जन्म गेला. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन रत्नागिरीला आल्या, पण सवय सुटली नाही. मी माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर आधी विचारलं, मुलगा नात्यातलाच का? मग मासे गुंडाळायच्या कागदावर आमचं सगळं खानदान काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माझा नवरा चौकोन झाला, मी गोल. त्यात खोटं काही नव्हतं.

वीज गेली, एसटी आली नाही, माझं डोकं तापलं, सगळ्याला त्यांचं कारण एकच. "एक कामगार रजेवर आहे गं. बाकी कारखाना ठीक."

एका रविवारी मात्र माझा कारखाना पेटला. उषाबाई शेजारच्या ओट्यावरच्या बाईशी बोलत असताना मी त्यांच्या पिशवीत सुरमईची जाड तुकडी सारली. बघू आता कशी परत करते. बाजार आवरल्यावर राहवेना, म्हणून त्यांचं घर गाठलं. भांडायला गेले की बघायला, ते आता सांगता येत नाही.

दाराशी मांजर माझी तुकडी खात होतं. पायरीवर पूर्णगडचा एक खारवी, दर्यावर मासे धरणारा, बसला होता. जाळी ओढून ओढून घट्टे पडलेले हात मी ओळखते. आत त्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी, आणि उषाबाई तिच्या बोटातून रक्ताचा थेंब जाड कागदावर घेत होत्या.

"ही सानिका," त्या म्हणाल्या. "मासे, डाळ, दूध, सगळ्यात एक पदार्थ असतो. तो फोडणारा हिचा कामगार जन्मापासूनच रजेवर. पदार्थ साचला की मेंदूला धक्का. सगळा हिशेब करून मी रविवारचे आठ ग्रॅम बसवलेत. त्यावर एक घास नको."

मी मांजराकडे बघितलं.

"घरी कोणाचा हात आठावर थांबत नाय," पायरीवरून बाप म्हणाला. "तिच्या आयशीचा तर नायच. म्हणून हिकडं आणतो."

खारव्याची पोर, आणि तिला मासा पेराएवढा. मी विचारलं, मग दुसरे आठ कोणाचे?

"आजीचे," सानिका म्हणाली.

टेबलाभोवती चार खुर्च्या. दोनवर कागदांचे गठ्ठे, कित्येक दिवस हललेले नसावेत. उरलेल्या दोन खुर्च्यांपुढे उषाबाईंनी दोन ताटं वाढली. दोन्हीत तोच मोजका भात, तीच भाजी, तोच एवढासा तुकडा.

"तुम्हाला काय झालंय?"

"मला काही नाही. माझे कामगार सगळे हजर आहेत." त्यांनी मुलीकडे बघितलं. "पण एकटीनं जेवायला बरं वाटत नाही."

कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पोर कण कण करून खात होती, आणि तिच्याआधी आपला तुकडा संपू नये म्हणून उषाबाईही तसंच.

काटा मांडतात त्याचा राग मला अजून आहे. तो जायचा नाही. पण आता रविवारी त्या यायच्या आत मी सुरीला धार लावते आणि दोन तुकडे कापून ठेवते. परवा त्यांनी एकेक करून काट्यावर ठेवले. आठ. आणि आठ. "बरोबर," म्हणाल्या.

मी वर काही घातलं नाही.