आजीच्या पेटीशेजारची मॅच

मनिलाच्या कॉलेजांना मी घाबरत नाही, लिहून ठेवा! त्यांच्याकडे थंडगार हॉल, आहारतज्ज्ञ, पाय चेपायला माणूस. आमच्याकडे गावचं पत्र्याच्या छपराचं मैदान. तरी छातीठोक सांगतो, आमच्या पिदोसारखा खेळाडू त्यांच्या सात पिढ्यांत झाला नाही. उंची पाच फूट चार इंच. पण चेंडू घेऊन असा घुसतो, जसा उंदीर बिळात!

मी फिलिपिन्समधल्या नुएवा एसिहा प्रांतातल्या एका लहानशा कॉलेजचा बास्केटबॉल कोच. संघाचं नाव कॅराबाओ, म्हणजे सरळ रेडेच. फोनवर फोन करून मी मनिलाच्या कोच व्हिलालुसला सरावाच्या मॅचसाठी कबूल केलं होतं. पिदो त्याच्या डोळ्यांत भरला की शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट. नाहीतर पोरगं बापासारखं ट्रायसिकल रिक्षा चालवत म्हातारं होणार. बेत पक्का!

आणि मॅचच्या आदल्या दिवशी गावातल्या कोनसिंग आजी वारल्या.

घर लहान, म्हणून शवपेटी आणली मैदानात. ठेवली कुठे? बरोबर बास्केटखाली! थोरली लेक दुबईहून येईपर्यंत दफन नाही. मी धाकटीकडे, बेलिंगताईंकडे धावलो.

"ताई, मनिलाची बस निघालीय हो!"

"मग येऊ द्या की. आईला या खेळाचं वेडच होतं. पण प्रार्थना चालू असताना आरडाओरडा चालणार नाही. आणि दफन होईपर्यंत झाडू लागणार नाही."

"झाडू नाही? ताई, खाली बघा जरा!"

जागरणाला आलेल्या गावाने कलिंगडाच्या भाजक्या बिया फोडून फोडून सालपटांचा गालिचा अंथरला होता. त्यावर कॉफी सांडलेली, वर बिस्किटांचा चुरा.

"मयत असताना झाडलं तर त्याच्या मागोमाग आणखी कुणीतरी जातं," ताई म्हणाल्या. "तुम्ही जाताय का?"

मी झाडूचा विषय तिथेच सोडला.

मनिलाचा संघ उतरला. एकेक पोरगा नारळाच्या झाडाएवढा, बूट असे की त्यांत तोंड बघावं. पेटी बघून सगळ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एकाने हळूच विचारलं, "या आजी कुणाकडून खेळतात?"

"आमच्याकडून," पिदो म्हणाला.

पेटी बाजूला सरकवली. तिच्याशेजारी फादर होण्याचं शिक्षण घेणारा गावचाच एक लांबुडका पोरगा प्रार्थना सांगायला उभा राहिला. मॅच सुरू झाली. मनिलाचा पहिला गडी धावला, सालपटांवर पाय पडला आणि घसरत घसरत थेट पेटीच्या पायाशी जाऊन साष्टांग!

"आमेन!" सगळं गाव म्हणालं. प्रार्थनेत ती जागाच आली होती, कुणाचा काय दोष?

आमच्या रेड्यांनी बूट काढून फेकले. वाळत घातलेल्या भातावर खेळून मोठी झालेली पोरं ती! पायाची बोटं पालीसारखी जमिनीला चिकटतात. मनिलाचे बूट डावीकडे निघायचे, मालक उजवीकडे. पिदो त्यांच्या काखेखालून, टांगेखालून, एकदा तर चक्क आडव्या पडलेल्याच्या अंगावरून उडी मारून गेला. ओरडायला बंदी, म्हणून प्रत्येक बास्केटला आमेन वाढत चाललं. शेवटी शेवटी तर पत्रे हादरत होते!

आम्ही जिंकलो. मनिलाला हरवलं! मी छाती पुढे काढून व्हिलालुसकडे गेलो.

"मग? पोरगा पसंत ना?"

"एकदम पसंत! नुसता उभा राहिला तरी हात बास्केटच्या जाळीला लागतोय."

"पिदोचा?"

"कोण पिदो? तो प्रार्थना सांगणारा हो! साडेसहा फूट तरी असेल."

"अहो, तो पाद्री होणार आहे! त्याने जन्मात चेंडू धरलेला नाही!"

"खेळ आम्ही शिकवू. उंची कुठून आणू?"

माझं टाळकंच सरकलं. "डोळे आहेत की शर्टाची बटणं? ज्याने तुमच्या अख्ख्या संघाला लोळवलं तो दिसला नाही? मनिलात माणूस पट्टीने मोजतात काय? आजी, तुम्हीच सांगा यांना!"

प्रार्थना थांबली. जागरणासाठी कोपऱ्यात पत्ते खेळणारेही थांबले. मी पेटीवर ओरडत होतो.

"सर!" बेलिंगताई कडाडल्या. "तिला तरी आता निवांत पडू द्या!"

पिदोने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. त्याच्या पायांना सालपटं चिकटली होती, डोळे लाल झाले होते. तरी गडी हसला.

"जाऊ द्या सर. मी त्यांच्यात गेलो, तर त्यांना हरवणार कोण?"

हे ऐकून माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं राहिलं! असं पोरगं मनिलात पैसे टाकूनही मिळणार नाही.

तेवढ्यात तो पाद्री पोरगा मैदानाच्या दारातून बाहेर पडताना डोकं आपटू नये म्हणून वाकला, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात एकच विचार आला: मेल्या, इतके दिवस हा मला कसा दिसला नाही?