आमच्या जीपची चारही चाकं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी उघडलेली वस्तू आजवर दुसऱ्या कोणाला बंद करावी लागलेली नाही! मिक्सर, पंखा, गिझर, एकदा तर सोसायटीचा पाण्याचा पंप! पंपानंतर आमच्या शिरगावच्या बिल्डिंगमध्ये बरेच दिवस टँकर येत होता हे खरं, पण त्यात पंपाचीही चूक होतीच.

तर असा मी, रघुनाथ. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. बाबांची जुनी जीप मी स्वतःच्या हातांनी उभी करणार, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा बायको अभिमानाने माझ्याकडे बघेल अशी अपेक्षा होती.

"आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या," किर्ती म्हणाली.

जीप मांजर्लीला, माझ्या मोठ्या भावाच्या, भगवानदादाच्या, अंगणात पडून होती. बाबा असताना तिचा काय रुबाब होता! ती भाजी घेऊन उल्हासनगरच्या बाजारात जायची, पुरात अर्ध्या मांजर्लीला बाहेर काढायची. बाबा गेले आणि ती बसली ती बसलीच. दोनदा पुराच्या पाण्यात बुडून वर आली, एका कोंबडीने तिच्यात पिल्लं काढली, आणि आता दादाच्या मुलाचं, अक्षयचं, लग्न ठरलं होतं.

"रघ्या, पोराचा मांडव कुठं घालू? या भंगाराच्या टपावर?" दादाने विचारलं. "जितेशभाईला सांगलंय मी. उल्हासनगरला जुन्या गाऱ्या घेतो ना, तोच. लगीन उरकलं का येऊन घेऊन जानार."

"दादा, ही बाबांची गाडी आहे!"

"बाबांची व्हती तवा चालत व्हती."

हे मला लागलं. गाडी गेली तर बाबांचं म्हणावं असं दुसरं काय राहणार होतं आमच्याकडे? मी तिथल्या तिथे छाती पुढे काढली. म्हटलं, "मांडवाचे डहाळे मी याच गाडीतून आणतो! दारात आणून उभी करतो! मग तरी ठेवशील?"

दादाने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो हसला. "दारात आली तर ऱ्हाईल. नाय आली तर जितेशभाई."

ठरलं! दर रविवारी सकाळी मी मांजर्लीत हजर. इंजिन उघडलं, धुतलं, बसवलं. ब्रेक नवे टाकले. वायरिंग पूर्ण बदललं. रंग आमच्याच कंपनीचा, मिलिटरी हिरवा. डब्यावर मिलिटरी होता, गाडीवर जरा पोपटी झाला, पण लांबून उठून दिसायचा! हॉर्न तर असा बसवला की पहिल्यांदा वाजला तेव्हा अंजनी वहिनींच्या हातातलं पीठ परातीबाहेर गेलं.

पण माझं खरं कसब पुढच्या चाकांत होतं. ही गाडी साधी नाही, फोर बाय फोर आहे. साध्या रस्त्यावर मागची दोन चाकं ओढतात, पुढची नुसती गडगडतात. चिखल आला की एक दांडा ओढायचा, मग पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. ती ताकद देतो दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. त्याच्या पोटात दातेरी चक्रं असतात. भले भले मेकॅनिक त्याला हात लावत नाहीत. मी लावला!

आणि आंधळेपणाने नाही हं! सुटा करताना प्रत्येक भाग कुठे होता ते कळावं म्हणून मी रंगाच्या डब्यावर मोबाइल उभा केला आणि सगळ्याचा व्हिडिओ काढला. त्यात माझाही चेहरा यावा म्हणून सेल्फीचा कॅमेरा लावला. पुढे हा व्हिडिओ लोक शिकायला वापरतील, तर शिकवणारा कोण हे त्यांना दिसायला नको? मग जोडताना व्हिडिओ समोर ठेवला आणि जसं दिसलं तसं, अगदी तंतोतंत, बसवलं.

ट्रायलला थेट अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत गेलो आणि आलो. काय पळाली म्हणता! रिक्षावाले आपणहून बाजूला होत होते. फोर बाय फोरचा दांडा काही ओढून बघितला नाही, कारण डांबरी रस्त्यावर त्याचं काय काम? परत आलो तेव्हा दादा अंगणात उभा होता. तो गाडीभोवती एक फेरी मारून गेला. मी किर्तीला म्हटलं, "झालं, जितेशभाईला कळवा, येऊ नका म्हणून!"

"दारात येऊ दे आधी," किर्ती म्हणाली.

मांडवाचा दिवस उजाडला. आमच्याकडे उंबराचे डहाळे वाजतगाजत आणतात. ते आल्याशिवाय मांडव पुरा होत नाही, आणि मांडव पुरा झाल्याशिवाय हळद लागत नाही. उंबर नदीकडेला, धर्मराजच्या शेतापलीकडे. पुढे बेंजोवाले, मागे अक्षयचे मित्र, मध्ये आमची पोपटी जीप आणि तिच्यात पांढऱ्या शुभ्र झब्ब्यात उभा नवरदेव! सगळ्यांचे मोबाइल आमच्यावर होते. मी मुद्दाम हळू चालवत होतो.

धर्मराजने बांधावरच हात आडवा केला. "रघूशेठ, काल वांग्याला पानी सोरलंय. आत घालू नका, कडंकडंनं जा."

जाताना मी त्याचं ऐकलं. उंबराची पूजा झाली, डहाळे तोडले, गाडीत रचले. पण परत निघताना बघतो तर सगळी वरात शेताच्या त्या टोकाला मोबाइल धरून उभी! मध्ये धर्मराजच्या वांग्यांच्या दोन वाफ्यांमधली मोकळी पट्टी. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी फोर बाय फोर गाडीचा मालक कडंकडंनं जाईल?

"धरून बस रे अक्षय!" मी ओरडलो आणि गाडी पट्टीत घातली.

निम्म्यात गेलो आणि मागची चाकं बसली. मी हसलो. याच क्षणासाठी तर रविवार घालवले होते! बेंजोवाल्यांना हात करून थांबवलं, सगळ्यांना दिसेल असा दांडा ओढला, पहिला गियर टाकला आणि पाय दाबला. इंजिन गरजलं, गाडी थरथरली, चारही चाकं फिरली. आणि गाडी जागची हलली नाही!

दादा, बेंजोवाले आणि दोन-चार पाहुणे मदतीला पुढे येऊन उभे राहिले. अक्षयचा मित्र अमित बाकीच्या पोरांना घेऊन मागून ढकलायला लागला. मी पुन्हा पाय दाबला. पुढून आरडाओरडा, मागून आरडाओरडा!

"रघ्या!" दादाच्या अंगावर चिखल उडाला होता. "मागं कुठं चाललास? चाकं उलटी फिरत्यात! गियर बदल!"

मी गियर बघितला. पहिलाच होता! पण मोठ्या भावाचा मान ठेवायचा म्हणून रिव्हर्स टाकला.

"हां! आता बरोबर! हान!" दादा ओरडला.

"काका, काय करताय!" मागून अमित किंचाळला. "रिव्हर्स पडलाय! अंगावर घालताय काय?"

मी परत पहिला टाकला. दादा म्हणाला उलटा. रिव्हर्स टाकला. अमित म्हणाला उलटा. गाडी मात्र दोघांचंही न ऐकता खाली चालली होती.

"ए पोरा, मला शिकवतोस? माजे डोले गेले नाय अजून!" दादा बॉनेटवरून ओरडला.

"दादा, इकडे येऊन बघा ना मग! आपण काय टाइमपास करतोय का?"

"तू इकरं ये!"

दोघांनी जागा बदलल्या. मी पहिला गियर टाकला. मागे गेलेला दादा वाकून बघतो तर चाक पुढेच फिरतंय! "आता कसा बरोबर टाकलास!" तो म्हणाला आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या अंगावरही चिखल उडाला. पुढे आलेला अमित मात्र डोक्याला हात लावून उभा. "काका, दादा बरोबर बोलत होते! मागे फिरतायत!"

"आत्ता तर तूच म्हणालास पुढे!"

"ते तिकडून होतं!"

अक्षय गाडीत डहाळे धरून उभ्या उभ्या हिंदकळत होता. झब्ब्याचा रंग ओळखू येत नव्हता. त्याने वाकून शांतपणे विचारलं, "काका, आपण जातोय का येतोय?"

मी उत्तर देणार तेवढ्यात गाडी पोटापर्यंत बसली. इंजिन बंद पडलं. बेंजोवाला एकटाच, सवयीने, वाजवत होता.

घरून अंजनी वहिनींचा फोन आला. भटजी खोळंबले होते, मुहूर्त टळत होता, डहाळे कुठे? शेवटी किर्ती बांधावरून स्कूटर घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अक्षयला मागे बसवलं, डहाळे त्याच्या मांडीवर दिले.

"या स्कूटरला यांना कधी हात लावू दिला नाही," तिने जाता जाता अमितला सांगितलं, "म्हणून चालतेय."

अशा रीतीने आमच्या घरचे डहाळे स्कूटरवरून दारात आले. पोराला बघून अंजनी वहिनी म्हणाल्या, "हळद लावायला थोडीतरी जागा ठेवलीत का भावजी?"

संध्याकाळी हळदीत विषय एकच. ज्याला त्याला मी गोळा सुटा करतानाचा तो व्हिडिओ बघायचा होता. मी अभिमानाने दाखवला, कारण काम चोख झालं होतं याची मला खात्री होती. किर्तीने मोबाइल हातात घेतला, बघितला आणि मान वाकडी केली.

"अहो, तुम्ही डावखुरे कधीपासून झालात?"

"मी? मी कशाला डावखुरा?"

"मग हातोडी डाव्या हातात कशी? आणि घड्याळ उजव्या?"

मी बघितलं. खरंच होतं. माझा भांग एका बाजूला असतो, आणि सेल्फीत तो दुसरीकडे दिसला की मला चैन पडत नाही. म्हणून आरशात दिसतं तसंच रेकॉर्ड व्हावं, अशी सेटिंग मीच करून ठेवली होती. व्हिडिओत डावं ते उजवं झालं होतं. मी गोळ्यातलं दातेरी चक्र तंतोतंत उलट्या बाजूला बसवलं होतं! म्हणून मागची चाकं मांडवाकडे चालली होती आणि पुढची परत उंबराकडे!

मांडवात हशा पिकला. मी म्हटलं, "हसा! पण एक बघा, दोन्हीकडची ताकद कशी अगदी सारखी भरली! एकही चाक मागे हटलं नाही!"

दादा हसला नाही. हळदीच्या हाताने त्याने मोबाइल माझ्याकडे परत दिला. "दारात नाय आली, रघ्या. जितेशभाई सोमवारी येतोय." शब्द माझाच होता.

लग्न उरकलं आणि सोमवारी जितेशभाई आला. बूट हातात घेऊन बांधावर उभा राहिला. शेत अजून ओलं होतं आणि आमची जीप वांग्यांमध्ये पोट टेकून बसली होती. मला वाटलं, ही अवस्था बघून माणूस पळून जाईल. पण कसलं काय!

"साईं, गाडी तो एक नंबर आहे!" तो म्हणाला. "कलर जाऊ दे, कलर आपण बदलू. मी क्रेन बोलावतो, शाम तक उल्हासनगर! काय भगवानशेठ?"

किर्तीने माझा दंड धरला.

"थांब जरा," दादा म्हणाला. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलातून गाडीपाशी गेला आणि बाबांच्या जागेवर, स्टिअरिंगमागे चढून बसला. बसला तो उठेचना. पाठ टेकवली, जरा हलला, पुन्हा टेकवली. आम्ही सगळे बांधावर ताटकळलो.

"जितेशभाई," शेवटी तो म्हणाला, "तसदी दिली तुमाला. गारी नाय द्यायची."

मी तर उडीच मारली! अखेर माझ्या भावाला माझ्या हातांची किंमत कळली होती. चिखलाची पर्वा न करता मी धावत गाडीपाशी गेलो.

"दादा, इंजिन आवडलं ना?"

"नाय."

"ब्रेक?"

"चालली तर लागतील ना."

"मग?"

दादाने बसल्या जागी हात फिरवला. "ही सीट, रघ्या. काय बेस झालीय! बाबा जलमभर पोतं टाकून बसले, कंबर गेली त्यांची. त्यांना अशी सीट पायजे व्हती." मग शिवण बोटाने चाचपत तो म्हणाला, "सगल्या गारीत हे एक काम तू मनापासून केलंस बग. असं बारीक शिवायला शिकलास कवा?"

आता सीटबद्दल मी तुम्हाला अजून एक अक्षर बोललेलो नाही, याचं कारण आहे. ती उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात शिवली गेली. मी फक्त माप दिलं आणि शेअर रिक्षात मांडीवर घेऊन आलो. पूर्ण गाडीत तेवढं एकच काम माझ्या हातचं नाही.

बांधावरून किर्ती माझ्याकडे बघत होती. मी वांग्यांकडे बघितलं.

"बघून बघून येतं रे दादा," मी म्हणालो.